संक्रांतीच्या आठवड्यात, बाजारामागून बाजार

संक्रांतीच्या आधीचा आठवडा हा पुणे जिल्ह्यातले आठवडे बाजार बघायला सगळ्यात चांगला. पावटा, वाटाणा, हरभरा, गाजर, वांगी हे सगळं शेतातून एकदम उतरत असतं. बोरं पिकलेली असतात, ऊस उभा असतो. आणि भोगीच्या भाजीसाठी प्रत्येक घराला यातलं थोडं थोडं हवं असतं. हे थोडं थोडं कोण आणतं, कुठून आणतं आणि विकून काय नेतं, ते बघायला मी निघाले. जाताना शक्यतो एसटीनेच जायचं ठरवलं होतं, कारण बाजाराची माणसं एसटीनेच येतात.

शुक्रवार, राजगुरुनगर

नाशिक रस्त्याने पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवर राजगुरुनगर. पूर्वीचं खेड, हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव. भीमेकाठी त्यांचा वाडा आहे, तिथे आधी जाऊन आले. मग स्टँडवर येऊन थांबले, कारण बाजार खरा तिथेच उतरत होता.

पश्चिमेकडून, चासकमान धरणाच्या वरच्या अंगाने, वाडा आणि भोरगिरीकडून गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीतून माणसांच्या आधी सामान खाली येत होतं. पाट्या, गोणपाटात बांधलेली गठुडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, एका आजोबांच्या हातात काठीला अडकवलेला दुधी. उतरणाऱ्यांत बायाच जास्त. मार्च २०२३पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांपुढच्यांना २०२२पासून प्रवास मोफत. शहरात या सवलतींवर बरंच बोललं गेलं. इथे त्यांचा अर्थ सरळ पैशात दिसतो. पाटीभर माल विकायला येणाऱ्या बाईला जाण्यायेण्याच्या भाड्यातले वाचलेले पैसे म्हणजे घरचं आठवड्याचं मीठ आणि चहापत्ती.

त्यातल्या एका आजींच्या मागे मागे गेले. एका दुकानाच्या भिंतीकडेला त्यांची जागा ठरलेली होती. लग्न होऊन आल्यावर सासूबरोबर इथेच बसायच्या, आता सासूच्या जागी त्या. पोतं अंथरलं. त्यावर पावट्याच्या शेंगांचा ढीग, शेजारी फडक्यात वरई, डब्यात भुशात ठेवलेली गावरान अंडी आणि एक कोंबडा. झालं दुकान.

वरई त्या मापट्याने मोजत होत्या. पत्र्याचं जुनं मापटं, कड झिजून चकचकीत झालेली. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब अजून तिथल्या बायांच्या तोंडात आहे. गिऱ्हाइकाला किलोत हवं असेल तर शेजारच्या भाजीवाल्याचा काटा. आजी मापटं भरायच्या, वरून हाताने शीग चढवायच्या, तळव्याने ती हलकेच दाबायच्या आणि पिशवीत ओतल्यावर वर आणखी एक चिमूट टाकायच्या.

"आजी, वरची चिमूट कशाला? माप तर शिगोशीग भरलं होतं."

"अगं, नुसत्या मापाला कोन येतंय? पुढच्या शुक्रवारी यायला पायजेल ना मानूस."

दुपारी एकच्या सुमारास कोंबडा गेला, अंडी गेली, पावटा तळाला आला. मग आजींनी शेजारणीला बसवलं आणि स्वतः बाजार करायला उठल्या. गोडं तेल, मीठ, चहापत्ती, एक पुडकं सुकट, नातवाला कानटोपी. दोन तासांपूर्वी कमरेच्या पिशवीत आलेल्या नोटा त्याच बाजारात त्यांच्या हातून पुढे गेल्या. सुकटवाल्या बाईने लगेच त्यातल्या सुट्ट्या पैशांतून पावटा घेतला, तोही आजींच्याच शेजारणीकडून. मी समोरच उभी होते.

आठवडाभर मनात घोळत राहिलं ते हेच. आजींकडे सगळा मिळून दहा किलो माल नसेल. तो घेऊन त्या मार्केट यार्डात गेल्या तर कोणता आडत्या, म्हणजे कमिशनवर माल विकून देणारा, हात लावेल? गावात टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला क्रेट भरून लागतात. मॉलला एका आकाराचा, एका रंगाचा माल लागतो. ओंजळभर, पाटीभर, एका कोंबड्याएवढा माल घेणारा आणि त्याचे पैसे त्याच दिवशी हातात देणारा एकच बाजार आहे, तो हा. आणि डोंगरातल्या कोरडवाहू घराकडे विकायला असतो तो बहुतेक वेळा एवढाच माल.

शनिवार, चाकण

चाकणला माल थोडा नसतो. खेड बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या, बटाट्याच्या थप्प्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे डोंगर. मेथी शेकड्यावर पुकारत होते. आडत्या ढिगावरून ढिगावर जातो, भोवती खरेदीदारांचं कडं, आकडा चढतो, थांबतो, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी बाजूला हात बांधून उभा. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही, कारण तीन महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत ठरते. मग तोलाई, हमाली आणि हातात हिशेबाची पट्टी.

या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती उभी राहिली तीही शेतकऱ्याला वाचवण्यासाठीच. उघड लिलाव, चोख वजन, ठरलेली वजावट हे सगळं बाजार समिती कायद्यांनी आलं, आधी १९३९च्या आणि मग १९६३च्या. त्याआधी सावकार-व्यापारी सांगेल तो भाव आणि सांगेल ते वजन. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेरच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. मोठ्या मालाचे असे कायदे झाले, त्यांवर आंदोलनं झाली, अग्रलेख आले. थोड्या मालाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

आवाराबाहेर आठवडे बाजार पसरला होता आणि तिथलं गिऱ्हाईक बघून मी चकित झाले. चाकणच्या कारखान्यांतली पोरं! मराठवाडा-विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली, ओडिशातली. कुणाची रात्रपाळी सुटलेली, कुणाची सुट्टी. चौघा-पाचांच्या खोलीसाठी आठवड्याचा बाजार घेत होती. एका किराणावाल्याने शेंगदाण्याच्या शेजारी सत्तूचं पीठ आणि मोहरीचं तेल मांडलं होतं. "हे इकडचं नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आता इकडचंच हाय की." त्याच्या वडलांनी याच जागेवर बैलगाडीचे कासरे आणि सापत्या विकल्या होत्या.

जनावरांचा बाजारही शनिवारीच. गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, बैल. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. त्याचं खरं कारण इथे कळतं, शेळी एकेक विकता येते. एका बाईने दोन बोकड आणले होते. एक विकायचा, दुसरा विकायचा नाही, नुसता सोबतीला, कारण एकटा बोकड टेम्पोत थांबत नाही. पोराच्या कॉलेजची फी भरायची होती. बारा वाजायच्या आत सौदा झाला आणि राहिलेला बोकड घेऊन ती निघाली.

संग्रामदुर्ग बघायला थोडा वेळ काढला. १६६०मध्ये शाईस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. आता तट बराच ढासळला आहे. संध्याकाळच्या गाडीने आळेफाट्याला गेले आणि तिथून मामाच्या गावी.

रविवार, जुन्नर

सकाळी मामी म्हणाली, "सुगडं घ्यायचीत, बुरडाकडून सूप घ्यायचंय, चल माझ्याबरोबर." मामीबरोबर बाजार करणं म्हणजे आधी पूर्ण बाजार एकदा पालथा घालायचा, कशालाही हात लावायचा नाही, फक्त भाव ऐकायचा. दुसऱ्या फेरीत घ्यायचं.

जुन्नरचा बाजार शिवनेरीच्या पायथ्याला. मान वर केली की किल्ला, खाली केली की बोरांचे ढीग. संक्रांतीमुळे कुंभारांच्या रांगा लागल्या होत्या. काळी सुगडं, तांबडी सुगडं, पाचांचा संच. बाया प्रत्येक सुगड उचलून नखाने टिचकी मारून आवाज ऐकत होत्या. कासाराकडे बांगड्या भरायला गर्दी. तिळाचे लाडू, रेवड्या, गुडदाणी, आणि प्रत्येक कोपऱ्यावर भेळ आणि गोडीशेव.

मामीचा बुरूड ठरलेला. नवराबायको बसले होते, पुढ्यात सुपं, टोपल्या, परड्या, कोंबड्या झाकायचे डालगे. तो बांबूच्या कामट्या काढत होता. कोयत्याचं पातं बांबूत रोवायचं, एक ठोका द्यायचा आणि मग पातं न हलवता बांबूच पुढे सरकवायचा. कामटी कागदासारखी पातळ सुटून येत होती. बायको सुपाची कड बांधत होती. दोन्ही पायांच्या अंगठ्यांत सूप धरलेलं, हात मोकळे. मामीने एक सूप घेतलं, हवेत दोनदा पाखडल्यासारखं केलं आणि परत ठेवलं. "जड झालंय." दुसरं घेतलं, ते पसंत पडलं.

जुन्नरच्या आसपास डोंगरांत दोनशेवर लेणी आहेत, लेण्याद्री त्यांतलंच. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत सातवाहन काळातल्या कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे संघ, आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचं कोरलेलं आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीकडे लोक दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवत होते. म्हणजे सुमारे १,८०० वर्षांपूर्वी या गावात बुरुडांकडे लोक पैसा विश्वासाने ठेवत. नाणेघाटातून कोकणातला माल इथे चढायचा, घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण अजून जागेवर आहे. हे सगळं मी बुरुडाला सांगितलं. तो हात न थांबवता ऐकत होता. मग त्याने विचारलं, "त्या टायमाला बांबू कुठनं आनत असतील?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला आता बांबू महाग पडतो, दुरून आणावा लागतो, आणि प्लॅस्टिकच्या सुपाला गिऱ्हाईक जास्त. धान्य पाखडायला प्लॅस्टिकचं सूप काही कामाचं नाही हे बायकांना ठाऊक आहे, पण पाखडणंच कमी झालंय.

मसालेवाल्या एका काकांशी बराच वेळ बोलले, कारण बाजारांचं चक्र त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. गुरुवारी ओतूर, शनिवारी नारायणगाव, रविवारी जुन्नर, सोमवारी बेल्हे. मधले दिवस माल भरायला, निवडायला आणि दुखणीखुपणी काढायला. त्यांचे वडील हेच बाजार सायकलवर करत, ते टेम्पोने करतात. शेजारी बसणारे लसूणवाले, पलीकडचे कापडवाले, चपलांवाले, हे सगळं गावच जणू वाराप्रमाणे जागा बदलत फिरत असतं. त्यांची एकमेकांत उधारी चालते, सोयरिकी जुळतात. काकांच्या मुलीचं स्थळ बाजारातूनच आलं.

गावांनी वार वाटून घेतलेत ते फिरत्या व्यापाऱ्याच्या सोयीने आणि गावकऱ्याच्याही. शेजारच्या दोन मोठ्या गावांचा वार शक्यतो एक नसतो. आजचा राहिलेला माल उद्या पुढच्या गावात खपतो, आणि एखाद्याचा आपल्या गावचा बाजार हुकला तर दोन-तीन दिवसांत बसच्या पल्ल्यात दुसरा असतो. बाजाराच्या वारी बऱ्याच गावांत शेतातली कामं बंद असतात, मजुरांचा आठवड्याचा हिशेब त्याच्या आदल्या संध्याकाळी नाहीतर त्या सकाळी होतो. पैसा हातात पडतो आणि त्याच दिवशी बाजार भरतो.

परतताना मामीच्या पिशवीत सुगडं, बोरं, पावटा, गाजरं, ओल्या हरभऱ्याचे डहाळे होते, आणि सूप माझ्या काखेत.

सोमवार, बेल्हे

आजचा दिवस मामाचा. कल्याण-नगर रस्त्यावर बेल्हे, आणि बेल्ह्याचा सोमवार म्हणजे बैलबाजार. पारनेर, शिरूर, संगमनेरपासून माणसं येतात. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं नुकती वर आली होती आणि मैदानभर दावणी लागल्या होत्या. पांढरेशुभ्र खिल्लार, डोंगराकडचे काळे-पांढरे डांगी, गावठी. शिंगं घासून रंगवलेली, नवे कासरे, नव्या वेसणी. एका बाजूला घुंगरमाळा, म्होरक्या, गोंडे, चाबकांची दुकानं.

मामाच्या जोडीतला एक बैल दिवाळीनंतर गेला. उरलेल्याला जोड शोधायची होती. मी विचारलं, "मामा, ट्रॅक्टर आहे ना दारात?" मामा म्हणाला, "कांद्याच्या सऱ्या, कोळपणी, उसाची भरणी, इथं ट्रॅक्टर कुठं कुठं घालणार? आणि दारात बैल नसला तर पोळ्याला काय ट्रॅक्टरला पुरणपोळी चारायची?"

बैल कसा बघतात ते मी पहिल्यांदा इतकं जवळून बघितलं. आधी लांबून, तो नुसता उभा असताना. चारही पाय सारखे टेकतो का. मग मागून, चालवून. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडला पाहिजे. मग मामाने पुढे होऊन नाकाची कड धरली, खालचा ओठ अंगठ्याने दाबला आणि दात बघितले. एकही पक्का दात नसेल तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. दातांवरून वय सांगायला मालकाची गरज पडत नाही. खांद्यावर हात फिरवून जू कुठे बसलंय ते बघितलं. कपाळावरचा, पाठीवरचा भोवरा बघितला. मारका नाही ना, नांगराला बसका नाही ना, हे विचारलं, आणि उत्तर ऐकताना मालकाच्या तोंडाकडे न बघता बैलाच्या कानांकडे बघत राहिला.

प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला होता, बारा आकडी क्रमांकाचा. बिल्ल्याशिवाय जनावर बाजारात विकता येत नाही. पावती होते, त्यावर हा क्रमांक पडतो.

सौदा मात्र जुन्याच रीतीने. मध्ये दलाल. मामाचा हात, मालकाचा हात, वरून उपरणं टाकलेलं. उपरण्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडाने फक्त "हं", "न्हाई", "आजून बघा". भोवती वीस माणसं उभी, कुणालाही आकडा कळत नाही. मला यात फार मोठं शहाणपण दिसलं. विकणारा अडचणीत असेल आणि पडत्या भावाने देत असेल तर ते गावाला कळत नाही. घेणारा जास्त देत असेल तर शेजारच्या दावणीचा भाव बिघडत नाही. आणि सौदा फिसकटला तर कुणाची मान खाली जात नाही.

मामाचा सौदा तिसऱ्या दावणीवर झाला. "आठ दिवस जुंपून बघा, कामाला कमी पडला तर पुढच्या सोमवारी मी इथंच हाय," मालक म्हणाला. लेखी काही नाही. पुढचा सोमवार हाच करार.

या बाजाराने गेल्या काही वर्षांत बरंच सोसलंय. मार्च २०२०मध्ये सगळेच बाजार बंद झाले. २०२२च्या सप्टेंबरात लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला आणि राज्यभरचे जनावरांचे बाजार थांबवावे लागले. २०१५पासून राज्यात बैलांची कत्तलही बंद आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकायला आणला तर घेणारा मिळणं कठीण. ज्याच्याकडे एकच दावण आणि एकच एकर, त्याला काम न होणारा बैल वर्षानुवर्षं सांभाळणं किती जड जातं, हे दोन-तीन जणांनी फार कळवळून सांगितलं. दुसऱ्या बाजूला बैलगाडा शर्यती. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून चपळ आदत खोंडांना वेगळीच मागणी आहे. शर्यतीचा खोंड बघायला पोरांची गर्दी, मोबाईल वर करून. नांगराचे बैल बघायला मामासारखी चार पिकली डोकी. दोन्ही जातात त्याच मैदानात. खिल्लार टिकायचं असेल तर दोघंही हवेत, असं मामाचं मत, आणि मला ते पटलं.

दुपारी मासवडी, बाजरीची भाकरी. बेल्ह्याला येऊन मासवडी न खाता जाऊ नये. नवा बैल घेऊन मामा पायी निघाला, मी पुण्याच्या गाडीत बसले.

मंगळवार, भोर

भोगी. स्वारगेटहून सकाळची भोर गाडी. नीरेकाठचं हे संस्थानी गाव, पंतसचिवांचं. राजवाडा चित्रीकरणांमुळे बऱ्याच जणांनी पडद्यावर बघितलेला असतो. पण मला ओढ होती ती हिरडस मावळातून आणि वेळवंड खोऱ्यातून येणाऱ्या तांदळाची. इंद्रायणी, आंबेमोहोर, कांडून आणलेला, पोत्याच्या तोंडाशी हात घातला की वास अंगाला लागतो. इंद्रायणी वाण आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७चा. आता सह्याद्रीच्या या पट्ट्यात दुसरं नाव क्वचित ऐकू येतं. एका ताईंनी पाच किलोच्या पिशव्या बांधून आणल्या होत्या आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा तांदळातच खोवला होता.

घाटाखालच्या महाडकडून येणारा सुका म्हावरा हा भोरच्या बाजाराचा दुसरा वास. बोंबील, सुकट, जवळा. पावसाळ्याची बेगमी लोक उन्हाळ्यात करतात, पण आठवड्याच्या कालवणापुरतं घेणारे बाराही महिने असतात.

आजचं गिऱ्हाईक मात्र भोगीचं. भाजीवाल्या बाया आज वजनाने विकतच नव्हत्या. प्रत्येकीपुढे वाटे मांडलेले. एका वाट्यात दोन वांगी, चार पावट्याच्या शेंगा, एक गाजर, मूठभर वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, घेवडा, दोन बोरं, उसाचं कांडकं. एका घराच्या भोगीपुरतं सगळं. एका वाट्यात पाच-सहा शेतांचा माल. मी विचारलं तर कळलं की पहाटे या बाया आपापसांत अदलाबदल करतात. जिच्याकडे गाजर आहे ती वांगंवालीला गाजर देते, वांगंवाली तिला वांगी. पैशाचा संबंध नाही. मग प्रत्येकीचा वाटा पूर्ण होतो. राजगुरुनगरच्या आजी इथे असत्या तर त्यांचा पावटा दोन तास आधीच संपला असता.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारत होते, आणि ती लिहिलीच पाहिजे. पहाटे घर सोडून संध्याकाळी परत जाणाऱ्या या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. बहुतेक बाजारांत त्यांच्यासाठी धड स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप असतं. सावली नसते, मार्च-एप्रिलमध्ये पालेभाजी अकरा वाजताच मान टाकते आणि भाव निम्म्यावर येतो. जागेची पावती रोज फाडली जाते, बाजाराचा लिलाव घेणारा ठेकेदार पैसे वसूल करतो, आणि या पैशातून पत्र्याचं शेड, पाण्याचा नळ आणि चार खोल्यांचं स्वच्छतागृह व्हायला काहीच हरकत नाही. चाळीस वर्षं एका जागी बसणाऱ्या बाईच्या नावाने त्या जागेचा कागद मात्र नसतो. रस्ता रुंद झाला, गाळे बांधले, की पहिली ती उठते. गाळा तिला परवडत नाही आणि तिला तो नकोही असतो. आठवड्यातून एक दिवस बसायला चार फूट जागा, एवढीच तिची गरज आहे. ती कागदावर मिळायला हवी.

बुधवार, पुणे

संक्रांत. सकाळी घरची पूजा, सुगडं, मामीने दिलेला हरभरा. दुपारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारली. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी अडकित्ते, गंजलेली कुलुपं, यंत्रांचे सुटे भाग. पुण्याच्या पेठांनाही वारांचीच नावं आहेत, शनिवार, रविवार, सोमवार. सगळ्यात जुनी वस्ती कसब्याची. पुढे १८८६मध्ये मंडईची इमारत झाली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

संध्याकाळी आमच्या भागातल्या शेतकरी आठवडे बाजाराला गेले. पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरात असे बाजार सुरू झाले. शेतकरी गट आपला माल थेट सोसायट्यांजवळ आणून विकतात. ताजा माल, वाजवी भाव, आमच्यासारख्यांची मोठी सोय. तिथल्या एका गटाच्या दादांना मी आजींची गोष्ट सांगितली. पाटीभर पावटा, वरई, अंडी. तुमच्या टेम्पोत एवढा माल घ्याल का?

"एकटीचा नाही घेता येणार ताई," ते म्हणाले. "डिझेल निघत नाही. पण एका गावातल्या दहा-बारा बायांनी एकत्र केला तर घेईन. वरईला तर इथं उपवासवाले रांग लावतील. पण कुणीतरी गोळा करणारं पाहिजे, आणि पैसे त्याच संध्याकाळी द्यावे लागतील. त्या बाया आठ दिवस थांबू शकत नाहीत."

पैसे त्याच संध्याकाळी, ही अट त्यांनी स्वतःहून घातली, कारण त्यांची आईही ओतूरच्या बाजारात बसायची. मी त्यांचा नंबर घेतला. शुक्रवारी परत राजगुरुनगरला जाऊन आजींच्या गावातल्या बचत गटाच्या बायांशी बोलायचं, वरई आणि पावटा धरून आधी दोनच वस्तू करून बघायच्या, असं आम्ही तिथेच उभं राहून ठरवलं.

तुम्हाला जायचं असेल तर: बारामतीचा बाजार गुरुवारी, सासवडचा सोमवारी. सकाळी नऊच्या आत पोचा, कापडी पिशव्या आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा, स्टँडवरून सरळ बाजारात शिरू नका, आधी गाड्यांतून काय उतरतंय ते बघा. पहिली खरेदी ज्यांच्यापुढे पोत्यावर एवढासाच माल आहे त्यांच्याकडून करा, आणि त्यांच्याशी भावात घासाघीस करू नका.